कंदील, सायकल आणि कोयना

साताऱ्याहून सांगलीस सायकलीनें जावयाचें झाल्यास अंतर सव्वाशें किलोमीटरांच्या आसपास पडतें. आडवाटेचीं गांवें घेत गेल्यास त्याहून कांहींसें अधिक. धडधाकट मनुष्यास दोन दिवस पुरतात. सायकल जुन्या चालीची असेल तर पहिल्या दिवशीं अंधार पडूं लागतांच स्वार खालीं उतरतो आणि चाकाशेजारीं बसविलेल्या बाटलीएवढ्या यंत्राची कळ दाबतो. यंत्राचा दांतेरी माथा टायरला टेकतो, पायांना किंचित् जड लागूं लागतें, आणि समोरच्या धुळींत पिवळा उजेड पडतो. या यंत्रास डायनॅमो म्हणतात. चाकाबरोबर आंतला लोहचुंबक फिरतो, त्याच्यापाशीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें, आणि त्या तारेंत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं ज्या नियमाचा शोध लाविला त्याचाच हा खेळ. कोयनेच्या पाण्यानें फिरणारीं अजस्र यंत्रें याच नियमानें चालतात; फरक एवढाच कीं, येथें पाण्याच्या जागीं मनुष्याची पोटरी असते. विजेची तार दारापर्यंत येण्यापूर्वीं ज्या घरीं अशी सायकल आली, त्या घरानें विजेचा पहिला दिवा पाहिला तो भिंतीवर नव्हे, सायकलीच्या दांड्यावर.

विजेच्या इतिहासाचीं पुस्तकें बहुधा मोठ्या शहरांच्या तारखांनीं भरलेलीं असतात. मुंबईंत १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले, पण ते लावणारी कंपनी वर्षभरांतच बुडाली आणि मंडईंत पुन्हां गॅसचे दिवे आले. १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली. १९१५ सालीं टाटांनीं घाटावर अडविलेलें पाणी खोपोलीस उतरवून त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना पोहोंचविली. या मालिकेंत सातारा आणि सांगली यांचें नांव कोठेंहि येत नाहीं, आणि म्हणून या मुलखाला विजेचा आरंभीचा इतिहासच नाहीं असें वाटण्याचा संभव आहे. तो समज खरा नव्हे. येथें तार उशिरां आली हें खरें. पण तारेची वाट पाहत येथील माणसें अंधारांत स्वस्थ बसलीं नव्हतीं. दिवा करणारे, इंजिन करणारे, पंप करणारे लोक येथें तारेच्या कितीतरी आधीं उभे राहिले होते. हा इतिहास विजेच्या खांबांवर वाचतां येत नाहीं, कारखान्यांच्या भिंतींवर वाचावा लागतो. आणि ते कारखाने साताऱ्याहून सांगलीकडे जाणाऱ्या जुन्या लोहमार्गाच्या कडेकडेनें, एका सायकलस्वाराच्या टप्प्यांत, वसलेले आहेत.

या साऱ्या हकीकतीचा आरंभहि सायकलीपासूनच होतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेहि त्याच गांवचे. एका लहानशा खेड्यानें महाराष्ट्राला रंगभूमि आणि यंत्रभूमि दोन्हीं द्यावीं हा योग मौजेचा आहे. लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले. तेथें त्यांच्या डोळ्यांना कांहीं रंगांतला भेद कळत नाहीं असें आढळून आलें. रंग गेले, रेषा उरली. यंत्रांच्या आकृति काढण्याची विद्या त्यांनीं आत्मसात् केली आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते ती शिकवूं लागले. सायकल त्यांनीं प्रथम पाहिली ती मुंबईंतच. १८८८ सालीं बंधु रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान घातलें. पुढें बढतीच्या वेळीं डावललें गेल्यावर त्यांनीं मुंबईची नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ याच धंद्यास वाहून घेतलें.

पायगाडी ही त्या काळीं साहेबाची चीज समजली जाई. पण तिच्यांत एक गुण असा कीं, तिचें सारें शरीर उघडें असतें. सांखळी, दांत्यांचें चाक, पोलादी गोळ्यांवर फिरणारा आंस, ब्रेकची दांडी, यांपैकीं कांहींच पेटींत झांकलेलें नसतें. जो ती दुरुस्त करतो तो गतीचें शास्त्र हातांनीं शिकतो. बेळगांवच्या दुकानांत सायकलीच्या शेजारीं पवनचक्क्या आल्या, कडबा कापण्याचीं यंत्रें आलीं, आणि अखेर लोखंडी नांगर आला. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास दीर्घ काळ जावा लागला.

आतां साताऱ्याच्या रस्त्यावर यावें. शहराच्या ईशान्येस पाडळी हें गांव आहे. रेल्वेमुळें त्यास सातारारोड हें दुसरें नांव मिळालें. येथें धनजीशहा कूपर यांनीं १९२२ सालीं कारखाना काढला. कूपर यांचें नांव राजकारणाच्या इतिहासांतहि आहे: १९३७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य मंत्री तेच झाले, आणि जेमतेम साडेतीन महिने त्या पदावर राहिले. त्यांच्या कारखान्याची कीर्ति मात्र त्या मंत्रिपदाहून पुष्कळच टिकाऊ ठरली. नांगर आणि पुढें तेलावर चालणारीं इंजिनें येथें तयार होत. जेथें वीज नाहीं तेथें विजेचें काम कोणीं करावयाचें, या प्रश्नाचें उत्तर म्हणजे तेल-इंजिन. विहिरीवरची मोट, पिठाची गिरणी, उंसाचा चरक, या सर्वांच्या जागीं किंवा मागें हळूहळू तें येऊन बसलें. दुपारच्या वेळीं गांवकुसाबाहेरून येणारा गिरणीच्या इंजिनाचा पुक्-पुक् आवाज ज्यांच्या कानांत आहे, त्यांना यंत्रयुग खेड्यांत कोणत्या पावलांनीं आलें हें वेगळें सांगावयास नको.

कोरेगांव, रहिमतपूर, मसूर हीं गांवें मागें टाकीत रस्ता कऱ्हाडच्या बाजूस येतो. कऱ्हाडचें रेल्वे स्टेशन शहरांत नाहीं. तें आहे ओगलेवाडीस. गाडींतून उतरणाऱ्या प्रवाशास हें नांव आज एखाद्या उपनगरासारखें वाटतें. पण एका काळीं तें घरोघरच्या दिवाणखान्यांत, गोठ्यांत आणि ओसरीवर दिवेलागणीच्या वेळीं उच्चारलें जात असे. ओगले बंधूंनीं १९१६ सालीं औंध संस्थानच्या हद्दींत येथें कांचेचा कारखाना उभारला. मुहूर्त विचार करण्यासारखा आहे. हिंदुस्थानांत कांचसामान येत असे तें मुख्यतः ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जम व जपान या देशांतून. महायुद्धानें त्यांतील युरोपचीं दारें बंद केलीं. दिव्याची कांच फुटली तर दुसरी कोठून आणावयाची, असा प्रश्न पडला होता. तळेगांवच्या पैसा फंड कारखान्यांत कांचेची विद्या शिकलेल्या मंडळींना ही संधि होती आणि आव्हानहि होतें. या कारखान्यांतून पुढें निघाला तो ‘प्रभाकर’ कंदील. प्रभाकर म्हणजे सूर्य. ओगले बंधूंच्या वडिलांचेंहि नांव तेंच.

कंदील ही वस्तु आतां इतकी जुनी झाली आहे कीं, तिच्यांतलें चातुर्य कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. वाऱ्यांत न विझणारी ज्योत करणें हें सोपें काम नव्हे. ज्योतीला हवा तर हवी, पण वारा नको. म्हणून कंदिलाच्या दोन्ही बाजूंस पोकळ नळ्या असतात. त्यांतून हवा वळसा घेऊन खालीं येते आणि शांतपणें बत्तीच्या मुळाशीं पोहोंचते. मध्यें असते कांच. ती आंतून तापलेली आणि बाहेरून गार, कधीं तिच्यावर पावसाचा थेंब पडावयाचा. भट्टींतून काढलेली कांच एकदम निवाली तर तिच्या अंगांत ताण राहतो आणि ती पहिल्याच पावसांत तडकते. म्हणून ती वेगळ्या भट्टींत सावकाश, तासन् तास निववावी लागते. हें साधलें नाहीं तर कारखाना बुडालाच. ओगलेवाडीस तें साधलें. घरांतील मुलें संध्याकाळीं राखेनें नि फडक्यानें कांच पुसत, बत्ती कातरीनें सारखी करीत, राकेल भरीत. मग कंदील लागे आणि शुभंकरोति होई. विजेच्या बटणानें यांतलें एक काम वांचविलें खरें, पण दिवा कसा लागतो हें ज्ञानहि त्याच बटणाबरोबर घरांतून गेलें.

या कंदिलाचा एक विक्रेता पुढें फार मोठा झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले, आणि कूपर यांच्या कारखान्याशींहि त्यांचा निकट संबंध आला. दक्षिणेंतील खेडीं पाहण्याची अशी संधि एखाद्या पुढाऱ्यास क्वचितच मिळाली असेल. १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. दिवा विकणाऱ्यास गांवांतला खरा काळोख कोणता तें दिसलें, असें म्हटल्यास त्यांत अलंकार थोडा आणि वस्तुस्थितिच अधिक आहे. कारण कंदील विकत घेण्याइतके पैसे ज्या घरांत होते त्या घरांतहि अक्षर वाचणारें माणूस नसे. ओगल्यांचा तो कारखाना पुढें बंद पडला. गांवाचें नांव तेवढें राहिलें आहे.

कऱ्हाडास कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात. या कोयनेचा हिशेब फार मोठा आहे. तो शेवटीं, सांगलीच्या पुलावर करणें सोयीचें. तूर्त स्वारानें डावी बाजू धरून ताकारीवरून किर्लोस्करवाडीकडे वळावें.

१९१० सालीं बेळगांवच्या नगरपालिकेनें किर्लोस्करांची जागा वसाहतीसाठीं मागितली आणि कारखाना उघड्यावर पडला. त्या वेळीं औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलरोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन देऊं केली. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. ज्याचे रंग हुकले होते अशा चित्रकाराला त्यांनीं जमीन दिली ही गोष्ट मनांत ठेवण्यासारखी आहे. जमीन म्हणजे निवडुंगाचें रान आणि त्यांत सापांची वस्ती. त्या माळावर नगराची आंखणी रामूअण्णांनीं केली, यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकरांनीं संभाळली आणि हिशेबाची मंगेशराव रेगे यांनीं. महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं गडावरच्या जुन्या निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. पुढें रेल्वेनें स्टेशनाचेंहि नांव बदलून किर्लोस्करवाडी ठेविलें.

औंधचें संस्थान नकाशावर पाहिलें तर शिंतोडे उडावेत तसें विखुरलेलें होतें. त्याचे तुकडे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. पण ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडी दोन्हीं त्याच संस्थानांत वसावीं हा योगायोग नव्हे. ब्रिटिश मुलखांत कलेक्टरच्या कचेरींत जो अर्ज वर्षानुवर्षें फिरत राहिला असता, तो येथें एका भेटींत निकालांत निघे. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या राजाच्या राज्यांत ‘प्रभाकर’ कंदील तयार व्हावा हें मात्र निव्वळ दैवाचें कौतुक! याच औंधांत १९३९ सालीं प्रजेच्या हातीं कारभार देणारी राज्यघटना आली. ती घडविण्यांत महात्मा गांधींच्या बरोबरीनें ज्याचा हात होता तो मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा विद्युत्-इंजिनियर होता. बंगलोरच्या सरकारी वीज-कारखान्याची व्यवस्था पाहण्यासाठीं तो हिंदुस्थानांत आला होता. विजेच्या कामासाठीं आलेला मनुष्य औंधास आला आणि त्यानें तेथें विजेऐवजीं ग्रामपंचायतींची घटना लिहिली.

किर्लोस्करवाडीच्या इतिहासांत विजेच्या दृष्टीनें महत्त्वाचें साल १९२६. त्या वर्षीं येथें सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊं लागले. मोटेची रीत अशी कीं, बैल उतारावरून खालीं जातात आणि पाणी वर येतें. बैल परत चढेपर्यंत पाणी थांबतें. या पंपांत पंख्यासारखें एक चाक वेगानें फिरतें, पाणी मध्यांतून आंत शिरतें आणि कडेकडे फेंकलें जाऊन नळांत चढतें. तें थांबत नाहीं. पण म्हणूनच त्याला न थांबणारा धनी लागतो. बैल तेथें निरुपयोगी. इंजिन किंवा विजेची मोटार, दोहोंपैकीं एक पाहिजे. आणि मोटार चालावयाची तर तार पाहिजे. कृष्णाकांठीं तार नव्हती. १९४६ सालीं किर्लोस्करांनीं विजेच्या मोटारींचा स्वतंत्र कारखाना काढला तो वाडीस नव्हे, बंगलोरास. म्हैसूर संस्थानांत शिवनसमुद्राच्या धबधब्यावर १९०२ सालींच वीज तयार होऊं लागली होती आणि १९०५ सालीं बंगलोरच्या रस्त्यांत विजेचे दिवे लागले होते. कारखाना तेथें जाण्याचीं कारणें आणखीहि असतील. परंतु जेथें वीज तेथें विजेचा धंदा, हा न्याय त्यांत नव्हता असें म्हणवत नाहीं. निवडुंग तोडून ज्यांनीं वाडी वसविली, त्यांच्या मुलांना मोटारी घडविण्यासाठीं दुसरें राज्य गांठावें लागलें. लक्ष्मणराव १९५६ सालीं वारले. कृष्णाकांठची नवी वीज पाहण्यास ते राहिले नाहींत.

वाडीहून पलूस, भिलवडी करीत सांगली गांठतां येते. हा सारा मुलूख १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ या नांवाचा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. सांगलींत १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ नाटक केलें. मराठी रंगभूमीचा पहिला प्रयोग ज्या उजेडांत झाला तो तेलाचा होता, विजेचा दिवा तेव्हां जगांत कोणत्याच रंगभूमीवर घरचा झालेला नव्हता. शहराच्या कांठावर आयर्विन पूल आहे. तो १९२९ सालीं खुला झाला. सायकल कठड्याला टेकून खालीं पाहिलें कीं, कृष्णा दिसते. या पाण्यांत कोयनेचें पाणी किती आणि किती तिच्यांतून काढून घेतलें गेलें आहे, हा विजेच्या इतिहासांतला अवघड भाग आहे.

कोयना सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रापासून फार दूर नसलेल्या खोऱ्यांत, दक्षिणेकडे वाहते. हेळवाकास पूर्वेकडे वळते, आणि पाटणवरून कऱ्हाडास येते. तिच्या पश्चिमेस कडा तुटलेला आहे. हें पाणी पूर्वेकडे जाऊं न देतां कड्यावरून कोंकणांत सोडलें तर प्रचंड वीज मिळेल, हें टाटांच्या इंजिनियरांनीं कधींच हेरलें होतें. खोऱ्याची पाहणीहि झाली. पण पुढें मंदी आली आणि बेत बासनांत गेला. स्वातंत्र्यानंतर सरकारनें तो पुन्हां बाहेर काढला. १९५४ सालीं पायाभरणी झाली, आणि १९६२ सालीं पोफळीच्या, डोंगराच्या पोटांत खोदलेल्या वीजघरांतून वीज निघूं लागली. पाणी बोगद्यांतून सुमारें ४७५ मीटर खालीं उतरतें. टप्प्याटप्प्यानें वाढत या योजनेची शक्ति १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. त्या पहिल्या वर्षांत राज्याचे मुख्य मंत्री यशवंतराव चव्हाण होते; त्यांचें जन्मगांव देवराष्ट्रें किर्लोस्करवाडीहून सायकलीच्या टप्प्यांत आहे. महाराष्ट्राचें वीज मंडळ १९६० सालच्या २० जूनला स्थापन झालें. लक्ष्मणरावांचा जन्मदिवसहि २० जूनच. ही जुळणी कोणीं मुद्दाम केलेली नव्हती.

पण वीज कोणाची? पहिल्या टप्प्याच्या विजेचा मोठा वांटा मुंबईकडे गेला. ज्यांच्या शेतांवर शिवाजीसागराचें पाणी चढलें तीं गांवें शंभराच्या आसपास होतीं. कित्येक कुटुंबें कोंकणांत, कित्येक सांगली-सोलापुराकडे पाठविलीं गेलीं. कांहीं आपल्याच डोंगराच्या वरच्या अंगास सरकलीं. पाण्याच्या कांठीं राहिलेल्या कांहीं वाड्यांना त्याच पाण्याची वीज मिळण्यास दशकें लागलीं. डोळ्यांसमोर धरण आणि घरांत राकेलचा कंदील, अशी त्यांची स्थिति होती. १९६७ सालच्या ११ डिसेंबरला पहांटे भूकंप झाला. दीडशेंहून अधिक माणसें त्यांत मेलीं, कोयनानगर उध्वस्त झालें, आणि पोफळीचीं यंत्रें थांबलीं. मुंबईला कोयना किती लागते हें त्या दिवशीं कळलें. कोयनेच्या माणसांना काय लागतें हा प्रश्न मात्र त्यानंतरहि तसाच राहिला. धरण बांधून पन्नास वर्षें उलटल्यावरहि विस्थापितांचीं मुलें-नातवंडें हक्काच्या जमिनीसाठीं कोयनानगरास धरणें धरून बसलीं होतीं.

दुसरा तंटा पाण्याचा. जेवढें पाणी पश्चिमेकडे उतरतें तेवढी वीज वाढते, आणि तेवढेंच पाणी कृष्णेंतून कमी होतें. कृष्णा लवादानें विजेसाठीं पश्चिमेस नेण्याच्या पाण्यावर वर्षाला ६७·५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. उरलें तें धरणाच्या पायथ्यानें कऱ्हाडकडे येतें. कऱ्हाडजवळ, आगरकरांच्या टेंभू गांवीं, वाडीजवळ ताकारीस, आणि मिरजेच्या पुढें म्हैसाळास मोठमोठे पंप हें पाणी उचलतात आणि आटपाडी, कवठे महांकाळ, जत यांसारख्या कोरड्या तालुक्यांकडे चढवितात. हे पंप विजेवर चालतात. विजेचें बिल थकलें कीं ते बंद पडतात, आणि कालवा कोरडा राहतो; हें एकदां नव्हे, अनेकदां घडलें आहे. पाणी उतरवून वीज करावयाची आणि तीच वीज खर्चून पाणी चढवावयाचें, असा हा व्यवहार आहे. जतच्या शेतकऱ्याला त्यांत विसंगति दिसत नाहीं. त्याला पाणी दिसतें, किंवा दिसत नाहीं.

विहिरीवर मोटार बसविलेल्या शेतकऱ्यांनाहि वर्षानुवर्षें वीज मिळाली ती बहुतेक पाळीपाळीनें, पुष्कळदां मध्यरात्रीनंतर. अशा वेळीं पंप सुरू करण्यास निघालेला मनुष्य बांधावरून सायकल हातीं धरून चालतो. बांधावर सायकल चालवितां येत नाहीं, चाक फिरत नाहीं, आणि डायनॅमोचा दिवा लागत नाहीं. म्हणून त्याच्या दुसऱ्या हातांत विजेरी असते, आणि त्याच्या आजाच्या हातांत अशा वेळीं ओगलेवाडीचा कंदील असे.